मदत हवी आहे: ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, रीमॅपनंतर बूस्ट अजून वाढवू का?

नमस्कार मंडळी,

गाडी २०१७ ची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, सात गिअरची डीएसजी (दोन क्लचची ऑटोमॅटिक), ७१,००० किलोमीटर. सेकंड हँड घेतली, पण जीव लावून ठेवली आहे. कंपनीतून १८० पीएस आणि २५० न्यूटन मीटर. डिसेंबरात रीमॅप केला, म्हणजे ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) सेटिंग बदललं, एअर फिल्टर आणि डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) बदलला. इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) कंपनीचाच. बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, आता १.४ बारपर्यंत जातो. मॅप पुण्यात एक्सपी१०० (१०० ऑक्टेनचं पेट्रोल) भरून लिहिला, आणि मी राहतो कोल्हापुरात, रोज साधं पेट्रोल भरतो. अडचण इथूनच सुरू झाली असं वाटतं.

मे महिन्यात वैभववाडीहून करूळ घाट चढत होतो. मागे आई-बाबा, डिकीत आंब्याच्या पेट्या. ट्रक मागे टाकायला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, तर आरपीएमचा काटा ३,२०० वरून झटक्यात ३,९०० वर, स्पीड मात्र जागेवरच. दोनेक सेकंदांनी गाडीने पकड घेतली. त्या दोन सेकंदांत पोटात गोळा आला.

घरी येऊन लॅपटॉप जोडला, पहाटे रिकाम्या रस्त्यावर लॉग काढले. फुल थ्रॉटलला तीन नंबरच्या सिलिंडरचं टायमिंग (स्पार्कची वेळ) ६ डिग्री मागे जातंय, बाकीच्यांचं ३. इनटेकची हवा ४४ वरून ६७ अंशांवर. ५,००० आरपीएमनंतर बूस्ट घसरतोच.

गॅरेजवाले म्हणतात, "नॉक ईसीयू सांभाळतो, अजून ०.२ बार देऊ." नॉक म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप पेटून बसणारे ठोके. मला पटत नाही. ईसीयू स्पार्क मागे घेतो तो इंजिन वाचवायला. त्याच्या जिवावर रोज गाडी हाणायची, म्हणजे वाढवलेल्या बूस्टची ताकद तिथेच जिरणार आणि वर एक्झॉस्टची धग टर्बोला सोसावी लागणार. मला ताकद हवी आहे, पण ही गाडी अजून दहा वर्षं वापरायची आहे. आधी काय करू, इंटरकूलर, पेट्रोल की क्लच? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

भावा, बूस्टला सध्या हात लावू नकोस. काटा उडाला तो क्लच घसरला म्हणून. तुझा डीक्यू२०० ड्राय क्लचचा (क्लच तेलात नसलेला) गिअरबॉक्स, त्याची मर्यादाच २५० न्यूटन मीटर, आणि गाडी कंपनीतूनच त्या आकड्यावर आहे. १.४ बारला खालच्या आरपीएममध्ये तू तो केव्हाच ओलांडलास.

मॅपवाल्याला सांग, खालचा टॉर्क कापा आणि वर टिकवा. २५० न्यूटन मीटर ५,५०० पर्यंत धरला तरी १९६ पीएस होतात, गिअरबॉक्सची मर्यादा न ओलांडता. टर्बो छोटा आहे, त्यामुळे शेवटी शेवटी जास्त बूस्ट मागितला तर तो हवा कमी आणि उष्णता जास्त देतो.

मॅप नेहमी सगळ्यात कमी ऑक्टेनचं जे पेट्रोल भरणार त्यावर लिहायचा. एक्सपी९५ कायम मिळत असेल तर त्यावर लिहून घे आणि मग साधं भरू नकोस. ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) असेल तर हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ नाही, साधारण १३.५ धरावं लागतं, म्हणून लॉगमध्ये लॅम्डाच (प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या इंधनाचं योग्य प्रमाण) बघ.

आणि एकाच सिलिंडरवर दुप्पट नॉक म्हणजे फक्त पेट्रोलचा दोष नव्हे. तीनचा प्लग आणि कॉइल एक नंबरला लाव. दोष सोबत गेला तर प्लग किंवा कॉइल, तिथेच राहिला तर पुढचं शोधू. बूस्ट पाइपची स्मोक टेस्टही (धूर सोडून गळती शोधणं) करून घे.

धागाकर्ता

दादा, आज अदलाबदल केली. दोष प्लगसोबत एक नंबरला गेला! प्लग काढून बघितला तर गॅप ०.९५ मिलिमीटर आणि पोर्सेलिनवर केसासारखी चीर. चारही नवे टाकले, गॅप ०.७. आता चारही सिलिंडर ३ डिग्रीवर आहेत. स्मोक टेस्ट शनिवारी.

मॅप ९५ वर उतरवायचा हे ठरलं. फक्त घसरून झालेल्या क्लचबद्दल धाकधूक आहे. टॉर्क कमी केल्यावर तो सावरतो, की एकदा तापला की बदलावाच लागतो? डीक्यू२०० चा क्लच पॅक बदललेलं कुणी असेल तर तेव्हा गाडी कशी वागत होती ते सांगा, म्हणजे मॅपच्या आधी गिअरबॉक्स उघडायचा की नंतर, हे ठरवता येईल.