मदत हवी आहे : फीचर फ्लॅग सगळ्या कंपोनंटपर्यंत कसे पोहोचवता?
राम राम मंडळी. जळगावात केळी व्यापाऱ्यांसाठी आमचं वेब ॲप आहे, रिॲक्ट 18 मध्ये (कंपोनंट म्हणजे स्क्रीनचे छोटे तुकडे जोडून ॲप बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी). केळीचे भाव दाखवणारा नवा स्क्रीन आधी फक्त रावेर-यावलच्या व्यापाऱ्यांना दाखवायचा, म्हणून फीचर फ्लॅग (एखादी सोय कोणाला दिसावी ते ठरवणारे चालू-बंद खटके) आणले. लॉगिननंतर ते सर्व्हरवरून येतात.

प्रॉप्समधून (वरच्या कंपोनंटने खालच्याला दिलेल्या माहितीतून) पाठवले तर मधल्या कंपोनंटना काही देणंघेणं नसताना उगाच हमाली. म्हणून कॉन्टेक्स्ट (मधल्यांना वगळून खालच्या कोणत्याही कंपोनंटला थेट वाचता येणारी व्हॅल्यू) केला. पण फ्लॅग अधूनमधून पुन्हा मागवतो तेव्हा नवा ऑब्जेक्ट येतो, आणि एकही फ्लॅग बदललेला नसला तरी कॉन्टेक्स्ट वाचणारं सगळं पुन्हा रेंडर होतं, म्हणजे नव्याने आखलं जातं. मेमो (प्रॉप्स तेच असतील तर रेंडर टाळणारी सोय) तिथे चालत नाही. आवकेची लांबलचक यादी स्वस्त फोनवर अडखळते.

जुनी-नवी व्हॅल्यू ताडून मगच सेट करणं पुरे होईल का? पण मग एक फ्लॅग बदलला तरी सगळेच हलणार. की फ्लॅग रिॲक्टच्या बाहेर स्टोअरमध्ये (माहितीच्या साठ्यात) ठेवून यूज-सिंक-एक्स्टर्नल-स्टोअर या रिॲक्टच्याच हुकने (असा साठा वाचायच्या फंक्शनने) प्रत्येक कंपोनंटने आपल्यापुरता फ्लॅग वाचावा? माझा कल इकडे आहे. रिडक्स ही स्टोअरची वेगळी लायब्ररी एवढ्यासाठी नको, भाऊ.

शिवाय फ्लॅग येईपर्यंत क्षणभर जुना स्क्रीन चमकतो. तुम्ही पहिल्या एचटीएमएलमध्येच फ्लॅग भरून पाठवता का?