मदत हवी आहे: क्रियापदानंतर 'इंग' की 'टू'? मुलांना कसं समजावू?

नमस्कार. मी मालवणजवळ राहते. होमस्टेवर, बोटींवर काम करणारी गावातली मुलंमुली संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. त्यांना पाहुण्यांशी बोलायचं असतं, बुकिंगच्या मेसेजना उत्तरं लिहायची असतात. काळ, प्रश्न विचारणं वगैरे छान जमलं. आता अडलंय ते इथे: 'एन्जॉय'नंतर 'स्विमिंग' आणि 'वॉन्ट'नंतर 'टू स्विम', असं का?

मराठीत एका 'पोहायला'वर सगळं भागतं. पोहायला आवडतं, पोहायला शिकलो, पोहायला गेलो. इंग्रजीत मात्र 'लर्न्ड टू स्विम' आणि 'वेन्ट स्विमिंग'. मग मुलं 'आय एन्जॉय टू स्विम' म्हणतात, यात त्यांचा काय दोष?

पुस्तकात दोन याद्या असतात. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड एकीकडे. वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस दुसरीकडे. नुसत्या याद्या पाठ करून घ्यायला मला आवडत नाही, म्हणून मी एक खूण दिली: जे अजून व्हायचंय त्याला 'टू', जे चालू आहे किंवा होऊन गेलंय त्याला 'इंग'. 'स्टॉप'ला ती चपखल बसली. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जूनला बंद होते, ती ३१ जुलैपर्यंत. तेव्हा 'दे स्टॉप्ड फिशिंग'. 'दे स्टॉप्ड टू फिश' म्हटलं तर हातातलं काम थांबवून मासे पकडायला लागले! हे मुलांना क्षणात कळलं. 'रिमेंबर'लाही तेच. 'रिमेंबर टू लॉक द रूम' म्हणजे कुलूप लावायला विसरू नकोस; 'आय रिमेंबर लॉकिंग इट' म्हणजे लावल्याचं आठवतंय.

पण 'सजेस्ट'शी खूण फसते. 'आय सजेस्ट गोइंग टू द फोर्ट इन द मॉर्निंग': जाणं तर अजून व्हायचंय! त्यात पाहुण्यांना रोज लिहायचं वाक्य, 'वी लुक फॉरवर्ड टू वेलकमिंग यू'. इथे 'टू' आणि 'इंग' दोन्ही. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग हा 'टू' कुठला?" तो वेगळा 'टू' आहे हे मला माहीत आहे, पण व्याकरणाची जड नावं न घेता तिला सांगू कसं? शिकवणाऱ्यांनी कृपया सुचवा. ही मुलं खरोखर मेहनती आहेत.

प्रतिसाद:

ताई, रत्नागिरीत शाळेत शिकवतो. त्या मुलीला 'टू'पुढे एखादं नाम ठेवून बघायला सांगा. 'वी लुक फॉरवर्ड टू युअर व्हिजिट' चालतं, म्हणजे तिथे क्रियापद आणलं तर 'इंग' लावूनच. 'वी वॉन्ट टू युअर व्हिजिट' चालत नाही, म्हणून तिथे मूळ क्रियापद. 'आय अ‍ॅम यूज्ड टू द हीट', म्हणून 'यूज्ड टू वर्किंग इन द हीट'. एवढी एक परीक्षा पुरते.

तुमची खूण सोडू नका, पण ती नियम म्हणून नको, कल म्हणून सांगा. सजेस्ट, कन्सिडर, पोस्टपोन ही त्या कलाबाहेरची. ती पूर्ण वाक्यांतच तोंडी बसवावी लागतात. 'सजेस्ट'ला मी फार जपतो, कारण आपली मुलं हमखास 'आय सजेस्ट यू टू टेक द अर्ली बोट' लिहितात. 'सजेस्ट टेकिंग' किंवा 'सजेस्ट यू टेक' हवं. 'अ‍ॅडव्हाइज यू टू टेक' मात्र बरोबर.

होमस्टेवाल्यांना 'अलाऊ' आधी शिकवा. 'वी डोन्ट अलाऊ स्मोकिंग', पण माणूस मध्ये आला की 'वी डोन्ट अलाऊ गेस्ट्स टू स्मोक'. 'स्टार्ट', 'बिगिन', 'कंटिन्यू'वर वेळ घालवू नका, तिथे बहुतेक वेळा दोन्ही चालतात. आणि 'लेट'ला दोन्हींपैकी काहीच नको: 'लेट मी कॅरी युअर बॅग'. बोटीवरच्या मुलांना हे वाक्य पहिल्याच आठवड्यात द्या.