मोठ्या कंपन्या लिनक्सला हात लावतात की नाही?

रूटकर
परवा दुसऱ्या एका धाग्यात एकाने ठोकून दिलं: "मोठ्या कंपन्यासुद्धा लिनक्स उतरवून घेतात तसाच टाकतात. कर्नलमध्ये (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात) बदल वगैरे सगळ्या वावड्या." उत्तर लिहायला बसलो आणि पान भरलं, म्हणून हा वेगळा धागा.

वावड्या? २००९ च्या कर्नल समिटमध्ये गूगलच्याच लोकांनी हिशेब मांडला होता. कर्नलच्या २.६.२६ आवृत्तीवर त्यांचे १२०८ पॅच (मूळ कोडवर चढवलेले बदल), जवळपास ३ लाख ओळी, कर्नलवर तीसेक इंजिनियर. आज आपण कंटेनर कंटेनर (प्रोग्राम एकमेकांपासून वेगळे कोंडून चालवणं) करत नाचतो, त्याच्या मुळाशी असलेले सीग्रुप्स (कुठल्या प्रोग्रामांना मेमरी-प्रोसेसर किती द्यायचा ते आखणारी कर्नलची सोय) गूगलमध्येच २००६ मध्ये सुरू झाले आणि २००८ मध्ये २.६.२४ मधून सगळ्यांना मिळाले. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात (लिनक्स नव्हे, पण तशीच खुली प्रणाली). सेंडफाइलवर (फाइल थेट नेटवर्कवर पाठवायची सोय) त्यांनी काम केलं, टीएलएसचं (वेबवरच्या सुरक्षित जोडणीचं) एन्क्रिप्शनही कर्नलमध्येच उरकायची सोय केली. २०२१ मध्ये एका मशीनमधून सेकंदाला ४०० गिगाबिट! नुसतं उतरवून टाकलं की होतं का हे?

जसाच्यातसा
ते ठोकून देणारा मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

गूगल, नेटफ्लिक्स, झालं? दर वेळी हीच तीन-चार नावं. बँका, विमा, विमान कंपन्या मोठ्या नाहीत वाटतं? तिथे सपोर्टचा करार असतो. कर्नल स्वतः बांधलात की पलीकडचा माणूस आधी म्हणतो, "आमचा कर्नल टाका, मग बोलू." हे लोक बदलतात काय, तर सेटिंगच्या चार ओळी, मॉनिटरिंगचे दोन-तीन एजंट आणि लॉगिनच्या आधी दिसणारी कायदेशीर धमकी. याला कस्टमायझेशन म्हणायचं तर वॉलपेपर बदलला म्हणून अँड्रॉइड मीच घडवला.

आणि १२०८ सांगताना त्याच भाषणातलं रडगाणं बरं गाळलंत. दर १७ महिन्यांनी तो सगळा संसार नव्या आवृत्तीवर चढवायचा. त्यातले पाव पॅच तर नव्या कर्नलमधूनच मागे ओढून आणलेले!

रात्रपाळी
रूटकर, तुम्ही कौतुकाने सांगताय ते मी निस्तरलंय.

आधीच्या नोकरीत (नाव नाही घेत) नेटवर्क ड्रायव्हरला घरचा पॅच होता. सुरक्षेचं अपडेट आलं, नवा कर्नल टाकला, रीबूट. मशीन वर आलं, नेटवर्क नाही. रात्री पावणेतीनला कन्सोलवरून जुना कर्नल बूट केला, आवृत्ती बघितली, तर शेपटीला कुणाची तरी आद्याक्षरं. तो गृहस्थ तीन वर्षांपूर्वीच सोडून गेलेला. पॅचच्या फाइलीत वर एकच शेरा: "तात्पुरतं." सोर्स सापडला, पण कुठल्या कंपायलरने बांधला ते कुणालाच ठाऊक नाही. पुढे दीड वर्ष त्या चाळीस सर्व्हरवर आम्ही एकही अपडेट टाकलं नाही. भीतीने.

तेव्हा बदल करतात हो, नक्की करतात. करणारा तो, भोगणारा मी.

थेट_सोर्स
थोडं अवांतर. "जसाच्या तसा" लिनक्स असतोच कुठे? डिस्ट्रोवाले (डेबियनसारखे, लिनक्स बांधून वाटणारे) आधीच लुडबुड करून ठेवतात. २००६ मध्ये डेबियनवाल्यांनी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतल्या दोन ओळी बंद केल्या, का, तर वॅलग्रिंड (मेमरीच्या चुका शोधणारं साधन) कुरकुरत होतं. मग जी किल्ली बने ती, दर प्रकाराला, फक्त ३२,७६८ शक्य किल्ल्यांपैकी एक, म्हणजे सहज ओळखता येणारी. मे २००८ ला हे उघड झालं. तो आख्खा आठवडा मी किल्ल्या बदलण्यात घालवलाय.

पॅकेजवाली
आलं, आलं! सतरा-अठरा वर्षं हेच एक उदाहरण. त्या डेबियनवाल्याने ओपनएसएसएलच्या मेलिंग लिस्टवर आधी विचारलं होतं आणि काढायला अनुकूल असं उत्तरही आलं होतं, ते कोण सांगणार? मी डिस्ट्रोसाठी तीन पॅकेजं फुकट सांभाळते. येणाऱ्या मेलांपैकी निम्म्या शिव्या असतात आणि त्या देणाऱ्यांनी कधी एक पॅच पाठवलेला नसतो.

थेट_सोर्स
मग २०२४ चं एक्सझेड घ्या, फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी, तिच्यात चोरदरवाजा लपवलेला सापडला. ओपनएसएसएचचा (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायच्या प्रोग्रामचा) त्या लायब्ररीशी संबंधच नव्हता. सिस्टमडीला (मशीनवरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) निरोप पोचवायला डिस्ट्रोवाल्यांनी पॅच मारून सिस्टमडीची लायब्ररी जोडली आणि तिच्या पाठोपाठ एक्सझेड आत आली. लुडबुड नसती तर तो दरवाजाच नसता.

पॅकेजवाली
आणि घाण कालवली कुणी? मूळ प्रकल्प सांभाळणाऱ्यानेच, तुमच्या त्या पवित्र सोर्समध्ये. पकडली कुठे? डेबियनच्या अस्थिर शाखेवर, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंडला खटकलं म्हणून. लुडबुड म्हणे. जरा जपून बोला.

थेट_सोर्स
जपून कशाला? दरवाजा तुमच्या पॅचनेच उघडला की नाही, एवढं सांगा.

पॅकेजवाली
उघडला. खूश? आता स्वतःचा सगळा सोर्स स्वतः कंपाइल करा आणि पुढच्या वर्षी भेटा.

रूटकर
अहो, धागा माझा आहे! भांडण बाहेर घ्या.

जसाच्यातसा
बरं, "वावड्या" मागे घेतो. मूठभर कंपन्यांपुरता. पण त्यातलीही फेसबुक बघा: सर्व्हरवर सेंटओएस स्ट्रीम ही तयार डिस्ट्रो, आणि कर्नलमधला बदल शक्यतो आधी मूळ कर्नलमध्ये घालायचा. शेड्यूलर (कुठला प्रोग्राम प्रोसेसरवर कधी चालवायचा ते ठरवणारा भाग) बाहेरून बदलता यावा यासाठीचं स्केडएक्स्ट त्यांनी गूगलबरोबर रेटलं, ते २०२४ मध्ये मूळ कर्नलच्या ६.१२ आवृत्तीत गेलं. म्हणजे ज्यांना परवडतं त्यांनाही वेगळी चूल नकोय.

रूटकर
म्हणजे बदल करतात, फक्त तुम्हाला पटेल अशा रीतीने. उपकार झाले.

जसाच्यातसा
बँकांचं काय ते सांगितलंच नाहीत अजून.

रात्रपाळी
त्या पॅचचं पुढे काय झालं, असं एकाने व्यनितून विचारलंय. काही नाही. ती नेटवर्क कार्डंच जुनी होऊन निघाली, नव्यांना त्याची गरज नव्हती. मी सोडलं तेव्हा फाइल रिपॉझिटरीत तशीच होती, "तात्पुरतं" सकट.