बॉम जीझसला पुन्हा चुन्याचा गिलावा करावा का? (जुन्या गोव्याचे जुने फोटो आणि आपण)

मांडवीकाठ:
जुन्या गोव्याचे एकोणिसाव्या शतकातले फोटो आणि नंतरची पोस्टकार्डं हल्ली सहज बघायला मिळतात. पणजीच्या सोझा अँड पॉल या स्टुडिओनं काढलेले तर खासच. त्यांत बॉम जीझसचं चर्च बघितलं की नुकताच तिथं जाऊन आलेला माणूस बुचकळ्यात पडतो. आज जे तांबडंलाल, उघड्या चिऱ्यांचं दिसतं, त्याच्या बाजूच्या भिंती आणि लागून असलेलं जेझुइटांचं (ख्रिस्ती धर्मगुरूंच्या एका संघाचं) निवासस्थान फोटोत चक्क फिकट, पांढुरकं आहे. दगड उघडा आहे तो दर्शनी बाजूचा.

तो पांढुरका रंग चुन्याच्या गिलाव्याचा. हा गिलावा 1950च्या दशकात बाल्ताझार काश्त्रू या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काढला गेला. पोर्तुगालातही तेव्हा जुन्या इमारतींचा गिलावा उतरवून दगड दाखवायची टूम होती. वास्तू जितकी रांगडी दिसेल तितकी ती पुरातन वाटते, असा हिशेब. 1605 साली अभिषेक झालेलं चर्च साडेतीनशे वर्षं अंगावर चुना घेऊन उभं होतं आणि आपण त्याच्या उघड्या अंगालाच 'मूळ रूप' म्हणतो! जांभा सच्छिद्र, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. माझं मत स्पष्ट आहे: पुरावा फोटोत आहे, गिलावा परत करा. खुद्द चर्चच्या बाजूनंही ही मागणी झालेली आहे.

तांबडा_चिरा:
ताई, फोटो म्हणजे पुरावा हे इतकं सरळ नसतं. एक तर कृष्णधवल. त्यात पोस्टकार्डं छापणारे वाट्टेल तशी रंगवायचे, आकाश गुलाबी, माड पोपटी. भिंत पांढरी, पिवळी की नुसती उन्हात चमकलेली, कसं ठरवणार?

दुसरं, सत्तर वर्षं झाली. माझ्या पिढीनं, आमच्या आधीच्या पिढीनं हेच तांबडं चर्च पाहिलं. 1986 साली युनेस्कोच्या यादीत गेलं तेही असंच. तो रंग आता त्या वास्तूचाच इतिहास आहे. पुसायचा का?

काचपट्टी:
कृष्णधवलबद्दल थोडं सांगतो, कारण इथं उलटंच आहे. त्या काळच्या फोटोच्या काचांवरचा थर निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळा असे. म्हणून त्या फोटोंत आकाश कोरं पांढरं येतं, ढग दिसतच नाहीत, आणि लाल वस्तू काळपट उमटते. जांभा लाल. उघडा असता तर भिंत कोळशासारखी आली असती. गेरू किंवा पिवळी मातीही गडद आली असती. फिकट आलीय, म्हणजे तिथं पांढऱ्याच्या जवळचं काहीतरी होतंच. रंगवलेली पोस्टकार्डं बाजूला ठेवा, मूळ छापे बघा.

तांबडा_चिरा:
हे माहीत नव्हतं, पटलं. पण गिलावा होता हे मी नाकारत नाहीच आहे. परत करावा का, हा प्रश्न आहे.

आल्तिन्यो:
मला वेगळीच अडचण आहे. फोटोतलं जुनं गोवं हे 'जुनं गोवं' आहे का मुळात? कॅमेरा इथं पोचला तोवर शहर मेलेलं होतं. रोगराईनं माणसं केव्हाच पणजीकडं सरकलेली, 1843 मध्ये राजधानीही अधिकृतपणे गेली. म्हणजे सोझा अँड पॉलनी टिपलं ते माडांत हरवलेलं, ओस पडलेलं गाव.

से कॅथेड्रल घ्या. 1562 ला काम सुरू झालेलं, दोन मनोऱ्यांचं. एक मनोरा 1776 मध्ये कोसळला. प्रत्येक फोटोत, प्रत्येक पोस्टकार्डावर एकच मनोरा. तिथं कुणी म्हणत नाही की दुसरा बांधा. आणि सेंट ऑगस्टीनचं चर्च? छत 1842 ला पडलं, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा ढासळला. त्याआधीच्या फोटोत तो बराच पुरा दिसतो. फोटो आहे म्हणून तोही उभा करायचा? बॉम जीझससाठी फोटोचं साल प्रमाण, मनोऱ्यासाठी नाही, याला नियम काय? आपल्याला जे चित्र आवडतं ते मूळ, असंच ना?

(अवांतर: व्हाइसरॉय कमान 1954 मध्ये पुन्हा बांधून काढली, आणि पर्यटक तिच्याखाली उभे राहून थेट वास्को द गामाच्या काळात जातात.)

मांडवीकाठ:
आल्तिन्यो, मुद्दा तगडा आहे, पण मनोरा आणि गिलावा एका मापात मोजताय. मनोरा आपणहून पडला. गिलावा माणसानं, शोभेसाठी काढला. पडलेलं उभं करणं म्हणजे नवं बांधकाम. गिलावा म्हणजे देखभाल. आपल्याकडं गावोगावच्या चर्चना आणि देवळांना पाऊस संपला की चुना काढतातच. शेजारचं से कॅथेड्रल आजही पांढरं आहे, त्यानं कुणाचा इतिहास पुसला?

गवंड्याचा_नातू:
सगळे दिसण्यावर भांडताय. भिंतीचं बघा. कोकणात जांभ्याच्या विहिरी, गडगे, देवळांची जोती उघडी असतात आणि टिकतात, हे खरं. पण ते चिरे त्यासाठीच निवडून, तासून घट्ट बसवलेले असतात. ज्या भिंतीवर गिलावा येणार हे गवंड्याला माहीत असतं, तिथं दगड जेमतेम तासतात, सांधे जाड ठेवतात. अशी भिंत उघडी टाकली की पाणी दगडात नंतर, सांध्यात आधी शिरतं. सांध्यातला चुना धुपतो, भिंत आतून ओली राहते, मग लोणा (क्षारांची पांढरी बुकटी) धरतो. जांभ्याच्या भोकांत बोट घाला, पावसाळ्यानंतर भुगा हाताला येतो.

आता धोका. कंत्राटदार सिमेंट फासणार! सिमेंटमागं ओल कोंडली की चिरा आतल्या आत कुजतो, त्यापेक्षा उघडा बरा. मळलेला चुना, नीट मुरवलेला, आणि तो लावणारे हात मिळणार असतील तर करा. नाहीतर नुसते दगडांमधले सांधे भरा आणि छपराची गळती थांबवा.

वसईकर:
दर्शनी बाजूला मात्र हात लावू नका रे. तिथला काळा दगड आमच्या वसईकडून नेलेला बसाल्ट आहे, कोरीवकाम त्यावरच आहे. वर माथ्यावर 'आयएचएस' (येशूच्या नावाची खूण) अक्षरं आहेत, ती बघायला मान मोडते. उत्साहाच्या भरात सगळंच पांढरं केलं तर फोटोच्याही विरुद्ध जाईल.

काचपट्टी:
वसईकरांना अनुमोदन. फोटोचा खरा उपयोग हाच: गिलावा कुठं होता आणि कुठं नव्हता, कुठल्या रेषेवर थांबत होता. 'पांढरं चर्च' हे आपल्या डोक्यातलं चित्र. फोटोतलं चर्च दुरंगी आहे.

तांबडा_चिरा:
मग मागच्या, निवासस्थानाच्या एका भिंतीवर करून बघा. चार-पाच पावसाळे जाऊ द्या. ओल कमी झाली तर मी विरोध सोडतो, रंग आवडो न आवडो. पण समोरच्या रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूपासून सुरुवात कराल तर समजेन की हे काम भिंतीसाठी नसून दर दहा वर्षांनी इथं होणाऱ्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या गर्दीसाठी आहे.

मांडवीकाठ:
मागून सुरुवात मान्य. पण पाच पावसाळे तीच भिंत मोजायची, तर शेजारची एक उघडी भिंतही तितकीच मोजा. आणि दोन्हींचे फोटो दरवर्षी त्याच जागेवरून काढा, म्हणजे पुढच्यांना आपल्यासारखं पोस्टकार्डांवरून भांडायला नको.

आल्तिन्यो:
भांडतीलच. तेव्हाचे फोटो तर रंगीत असतील, आणि फिल्टर लावलेले.