काळ्या जमिनीची क्लॉझोने फुलदाणी : जपानी की चिनी?

मांडवीकर: वडोदऱ्यात मांडवीजवळ जुन्या सामानाच्या दुकानात एक क्लॉझोने फुलदाणी (तांब्यावर बारीक तारांचे कप्पे करून त्यांत मिना, म्हणजे रंगीत काच, वितळवलेली) बघून ठेवली आहे. उंची २२ सेंमी, काळ्या जमिनीवर (पार्श्वभूमीवर) शेवंती, आतून आकाशी मिना, बुडाला शिक्का नाही. तोंडाशी नखाएवढा मिना उडून तांबं दिसतंय. दुकानदार मेइजी काळातली जपानी म्हणतो. खात्री कशी करावी? घेतली तर पितांबरीने उजळावी का?

तारकाम: काळ्या रंगावर जाऊ नका, विसाव्या शतकात चीनमध्येही काळ्या जमिनीच्या फुलदाण्या भरपूर झाल्या. दहापट भिंगातून फुलांमधली जागा बघा. तिथे ढगांच्या वळणाच्या तारा भरल्या असतील तर कल चीनकडे. त्या तारा नुसत्या शोभेच्या नसतात; मोठ्या सलग भागातला मिना भट्टीत तडकू नये म्हणून त्याला धरून ठेवतात. क्योटोच्या नामिकावा यासुयुकींनी जर्मन रसायनतज्ज्ञ वागनर यांच्या मदतीने सलग, चकचकीत काळी जमीन साधली. म्हणून उत्तम मेइजी (१८६८–१९१२) कामात मोकळी जागा खरोखर मोकळी सोडलेली दिसते, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डेही जवळजवळ नसतात. अशा मेइजी कामात तार बहुधा चांदीची, काळवंडलेली; चिनी तार तांब्या-पितळेची, अनेकदा सोन्याचा मुलामा दिलेली. मात्र जुन्या जपानी निर्यातमालातही पितळी तार सापडते, तेव्हा नुसत्या तारेवरून निकाल देऊ नका. जपानी भांड्याचा आतला मिना पुष्कळदा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असतो. आतला आकाशी मिना चिनी भांड्यांत जास्त दिसतो; तुम्ही आतून आकाशी म्हणताय, तर मला ही चिनीच वाटते. मेइजीची किंमत मुळीच देऊ नका.

जुनी_भांडी: शिक्क्याबद्दल : १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं झालं, म्हणून 'चायना' कोरलेलं दिसतं. शिक्का नाही म्हणजे त्याआधीची, हे मात्र खरं नाही. इतर देशांत जाणाऱ्या मालाला ते बंधन नव्हतं, शिवाय कागदी लेबलं गळून पडतात.

मिनाप्रेमी: पितांबरी, चिंच, लिंबू काहीही लावू नका! आम्लाने मिना निस्तेज होतो, घासण्याने मुलामा जातो. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, कापसाचा बोळा जेमतेम ओला, लगेच कोरडं पुसणं. बुडवून ठेवलीत तर तडीतून पाणी तांब्यापर्यंत जातं आणि हिरवा गंज मिना आतून उचलतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे लवकर होतं. पोचा असेल तर ठोकून काढू नका, तांबं वाकतं पण काच वाकत नाही, आजूबाजूचा मिनाही उडतो. घेण्याआधी अंधारात अतिनील टॉर्च फिरवा : राळ किंवा मेण भरून रंगवलेली जागा बहुधा वेगळी चमकते. तोंडाशी उडालंय, तेव्हा त्याच काठाला आणखी भराव असण्याची शक्यता जास्त.