रोटाव्हेटरच्या शाफ्टच्या क्रॉसचं निप्पल तुटलं, आतला तुकडा कसा काढावा?

वावरवाला_दारव्हा:
राम राम मंडळी. सोयाबीन निंगालं, आता हरभऱ्यासाठी वावर तयार करून राह्यलो अन् ऐन वेळी रोटाव्हेटरच्या शाफ्टचं, ट्रॅक्टरकडच्या क्रॉसचं (शाफ्टच्या वाकत्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं बारीक तोंड, तुटलं. शाफ्टचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं होतं, त्याचा तुकडा घासूघासू डोकंच उडालं. आट्याचा भाग आतच हाय, एकदम सपाट, पान्यात धरायले काहीच नाई. गावातला वेल्डर म्हणते बुजवून टाकतो, हंगाम निंगून जाईन. तुकडा घरच्या घरी निंगते का? अन् नवं निप्पल कोन्त्या मापाचं आणू, दुकानात तर दहा तऱ्हेचे असतात.

लोखंडवाला_अकोट:
बुजवायचं नावच काढू नका भाऊ. क्रॉसच्या चारही टोकावरच्या टोपीत बेअरिंगच्या बारीक सुया असतात, त्या सगळ्यायले ग्रीस त्या एकाच भोकातून जाते. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरचा मांगचा फिरता दांडा, मिनिटाले ५४० चकरा मारते, ग्रीस नसलं तर टोप्या निळ्या पडतात अन् मंग आवाज यायले लागते. अन् वेल्डिंगच्या तावानं टोपीचे रबरी सील जयतात ते वेगळंच.
शाफ्ट पीटीओतून काढून खाली घ्या, डिझेलनं धुऊन काढा, भोकाभोवतीची सगळी माती गेली पायजे. गंजाचं तेल मारा अन् रातभर राहू द्या. निप्पलच्या मधात ग्रीस जायचं भोक असतेच, म्हणून ड्रिलची लय गरज नाई पडत. इझी आउट (तुटलेला तुकडा काढायचा उलट्या आट्याचा दांडा) असन तर त्या भोकात हलकं ठोका अन् डावीकडं फिरवा. जोरानं ठोकसान तर तुकडा फुगून आट्यात अजून घट्ट बसते, आणि इझी आउट आतच मोडला तर मंग काम गेलं, तो इतका कडक असते का साधा ड्रिल त्याले कापतच नाई. ड्रिल मारायचीच वेळ आली तर बिटच्या टोकाले जाड ग्रीस लावा म्हणजे कीस त्याले चिकटते. कीस आत सुयाईत गेला तर नवा क्रॉसही वाचणार नाई.

स्पेअरकाउंटर_हिंगणघाट:
निप्पलच्या मापाचं मी सांगतो, दुकानात रोज हाच घोळ होतो. अंदाजाने घेऊ नका, रोटाव्हेटरकडच्या क्रॉसचं निप्पल बहुतेक वेळा सारखंच असतं, ते काढून नमुना म्हणून सोबत आणा. मिलिमीटरमध्ये साधारण तीन मापं चालतात, ६ मिमीला ७ चा पाना लागतो, ८ ला ९ चा आणि १० ला ११ चा. पण काही मशीनवर इंची आटे असतात. ६ मिमीचं निप्पल पाव इंची भोकात जातं, थोडं धरल्यासारखंही वाटतं, आणि ग्रीस गनचा दाब आला की उडून जातं. उलट एक अष्टमांश इंची पाइप आट्याचं १० मिमीच्या भोकात दोन-तीन आटे जाऊन अडतं, तिथे लोक पान्याने दाबतात आणि भोकाचे आटे जातात. योग्य निप्पल बोटाने सहज फिरलं पाहिजे, पान्याने फक्त शेवटचं बसवायचं. आणि जागा अडचणीची असेल तर सरळ घेऊ नका, ४५ अंशात वाकलेलं घ्या, गन नीट बसते.

जुनाट्रॅक्टर_चिखली:
ह्याच्या आधी क्रॉस हलवून पाहा. दोन्ही हातानं धरून पिळा, खडखड खेळ आला का निप्पलच्या नादी लागूच नका, क्रॉस बदला. टोपीचा व्यास अन् ह्या टोपीपासून त्या टोपीपर्यंतची लांबी मोजून घ्या.
अजून एक, अन् हे लय महत्त्वाचं हाय. गाडी बंद केल्याबिगर, चावी काढल्याबिगर शाफ्टजवळ हात नाई. आणि ग्रीस गन मारतानी निप्पलवर बोट ठेवू नका, दाबानं ग्रीस कातडीखाली शिरते, वरून फक्त बारीक ठिपका दिसते अन् दुखतही नाई सुरुवातीले, पण ताबडतोब दवाखान्यात जावंच लागते, घरी मलम लावून बसू नका.

वावरवाला_दारव्हा:
निंगाला बाप्पा! रातभर तेल मारून ठेवलं अन् सकाळी इझी आउटनं गपकन फिरला. नवं ८ चं बसवलं. खेळ नाई. पण ग्रीस मारलं तर तीनच टोपीतून बाहेर येते, चौथीतून येतच नाई, गन कडक होते. काहून होत असन?

लोखंडवाला_अकोट:
त्या टोपीकडची वाट जुन्या ग्रीसनं जाम झाली असन. कोणाले तरी शाफ्ट धरायले लावा, जॉइंट सगळीकडं वाकवू वाकवू हळूहळू गन मारा. त्या टोपीच्या बाजूले थोडा सैलपणा आला का ग्रीस रस्ता धरते, पह्यले काळंकुट्ट निंगन, मंग नवं दिसन. तरी नाई आलं तर सर्कलिप (टोपी अडवणारी कडी) काढून तेवढीच टोपी बाहेर घ्या, सुया सांभाळून, अन् डिझेलनं धुवा. सुयाईवर खड्डे दिसले का तो क्रॉस परत बसवू नका.