प्राथमिक शाळेतील कॅटेकिझमचा तास बंद करावा का?

धागा : एक कॅथलिक पालक, वडगाव शेरी

माझी मुलगी पुण्यातील एका कॅथलिक शाळेत तिसरीत शिकते. आठवड्यातून दोनदा तिच्या वर्गातील सहा कॅथलिक मुले वह्या घेऊन ग्रंथालयाशेजारच्या खोलीत कॅटेकिझमला, म्हणजे कॅथलिक धर्मशिक्षणाच्या तासाला, जातात आणि बाकीची मुले वर्गातच मूल्यशिक्षणाचा धडा वाचतात. हा तास वेळापत्रकातून काढून धर्मशिक्षण रविवारच्या मिस्सेनंतर (सामूहिक उपासनेनंतर) चर्चमध्येच द्यावे, अशी सूचना पालकसभेत आली आहे. मला ती मान्य नाही. रविवारी मूल प्रार्थना पाठ करते, पण श्रद्धेचा कस लागतो तो शाळेच्या दिवसांत. गेल्या महिन्यात माझ्या मुलीने मैत्रिणीचा डबा लपवला आणि त्याच दुपारी सिस्टरांनी तासाला क्षमेचा विषय काढला. घरी आल्यावर तिने आपणहून मैत्रिणीच्या आईला फोन लावायला सांगितले. राज्यघटनेच्या ३०व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा अधिकार दिला आहे. त्या शाळेत आपल्याच मुलांना धर्म शिकवायचा नाही, तर मग ती कॅथलिक शाळा कशी?

प्रतिसाद : निवृत्त शिक्षिका, कॅम्प

मीही कॅथलिक आहे आणि हा तास मी अनेक वर्षे घेतला आहे, तरीही तो शाळेत नसावा असे माझे मत झाले आहे. मुले बायबलमधील दहा आज्ञा पाढ्यांसारख्या घोकतात, कारण पुढे तोंडी परीक्षा असते. एका मुलाला सातवी आज्ञा आठवेना, तेव्हा ‘टीचर, किती मार्क गेले?’ असे त्याने रडवेल्या चेहऱ्याने विचारले. प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराच्या (मिस्सेत पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या विधीच्या) तयारीतल्या मुलाच्या तोंडी तो प्रश्न ऐकून मला फार वाईट वाटले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक असल्याचे म्हटले आहे. घरातली सायंप्रार्थना बंद पडली असेल, तर ती उणीव वेळापत्रकातल्या दोन तासांनी कशी भरून निघणार?

प्रतिसाद : एक हिंदू पालक, रास्ता पेठ

आमचा मुलगा अशाच शाळेत आहे. एकदा डबा उघडण्यापूर्वी त्याने आजीसमोर क्रुसाची खूण केली. आजी रागावल्या नाहीत, मात्र हे कोणी शिकवले एवढे त्यांनी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. अनुच्छेद २८च्या तिसऱ्या खंडानुसार सरकारमान्य शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. कॅथलिक मुलांचा तास बंद व्हावा असे मला मुळीच वाटत नाही, पण सकाळच्या प्रार्थनेबाबत आमची संमती मराठीत, स्पष्ट शब्दांत आणि दरवर्षी विचारली जावी.

धागाकर्ता

आपली मागणी रास्त आहे. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनेही २०२४ मध्ये शाळांना सूचना दिली की, इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत.

शिक्षिकाबाईंचे घराविषयीचे म्हणणे खरे आहे, परंतु सगळी घरे सारखी नसतात. त्या सहा मुलांपैकी एकाची आई रुग्णालयात आया म्हणून काम करते, बहुतेक रविवारी तिची सकाळची पाळी असते आणि वडील बाहेरगावी असतात. त्या मुलाला चर्चमध्ये नेणारे कोणी नाही. शाळेतला तास गेला, तर त्याचे धर्मशिक्षण तिथेच संपते.

निवृत्त शिक्षिका, कॅम्प

माझ्या वर्गातही अशी मुले होती, याचा मी वर लिहिताना विचार केला नव्हता. त्या मुलासाठी तास राहू द्यावा, हे मला पटते. मात्र त्याला परीक्षा नको, गुण नकोत आणि प्रगतिपुस्तकात त्याची नोंदही नको. एवढे पालकसभेत मांडणार असाल, तर मीही यायला तयार आहे.